आत्यांची फौज

खोली द्यायची की नाही हे ठरवण्याआधी त्यांनी माझे अंगठे तपासले.

मी बॅग घेऊन दारात उभा होतो. कोल्हापूरहून बदली होऊन ग्वाल्हेरला आलो होतो, दोन दिवस लॉजवर काढले होते, आणि ऑफिसातल्या एका मराठी कारकुनाने दर्पण कॉलनीतला हा पत्ता दिला होता. "रिटायर मेट्रन आहेत. एकट्याच असतात. जरा कडक आहेत, बाकी काही नाही," एवढंच तो म्हणाला होता. दार उघडलं ते पासष्टीच्या, उंच, पांढरे केस घट्ट बांधलेल्या बाईंनी. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अंगठे दाखवा."

मी दाखवले. त्यांनी ते दाबून पाहिले, वाकवून पाहिले.

"हाताला घाम येतो?"

"थोडा."

"आवाज झाला की दचकता?"

"तसं नाही."

"कोणी पडलं तर बघत उभे राहता की जाता?"

"जातो... बहुतेक."

"बहुतेक नाही चालणार," त्या म्हणाल्या. मग थोडा विचार करून, "पण शिकून जाल. वरची खोली घ्या. पट्टीवाल्याची जागा माझ्याकडे रिकामीच आहे."

मला वाटलं, बाईंच्या घरी कोणी आजारी असेल आणि औषधपाण्याला माणूस हवा असेल. खोली हवेशीर होती, ऑफिस जवळ होतं, म्हणून मी हो म्हणून टाकलं. पट्टीवाला म्हणजे काय ते चार दिवसांनी कळलं. म्हणजे कळलं असं मला वाटलं. त्या घरात मी अडीच वर्षं राहिलो, आणि पुष्कळ गोष्टी मला अशाच कळल्यासारख्या वाटल्या.

तर, आत्या मोबाइलवर लढाईचा खेळ खेळायच्या. सगळे त्यांना आत्या म्हणत, हिंदी बोलणारे बुआ म्हणत. पाच-पाच जणांच्या टोळ्या एका बेटावर उतरतात, एकमेकांना शोधतात, मारतात, आणि शेवटी जी टोळी उरते ती जिंकते, असा तो खेळ. तो लाखो लोक खेळतात. पण आत्यांसारखं कोणी खेळत असेल असं मला वाटत नाही. सगळं जग बंद पडलं होतं त्या दिवसांत वंदनाने त्यांना वेळ घालवायला म्हणून तो शिकवला. वंदनाचं दौलतगंजात ब्यूटी पार्लर आहे. आत्यांनी आठवडाभर खेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हे काय चाललंय? कोणाची ड्यूटी काय, कोणालाच माहीत नाही. असा वॉर्ड असता तर सगळे पेशंट मेले असते." आणि त्यांनी फौज उभी केली.

मी आलो तेव्हा तिच्यात अकरा जण होते, पाच-पाच जण पाळीने उतरायचे. आत्यांच्या कपाटात वॉर्डातलं एक जुनं रजिस्टर होतं, हिरव्या पुठ्ठ्याचं. त्यात पेशंटच्या नावाच्या रकान्यात खेळाडूंची नावं, 'तक्रार' या रकान्यात त्यांची ड्यूटी आणि 'उपचार' या रकान्यात त्यांचं पद लिहिलेलं असे. "ड्यूटी वेगळी, पद वेगळं. घोटाळा नका करू," असं त्या पहिल्याच दिवशी बोलल्या. घोटाळा मी शेवटपर्यंत केला.

ड्यूटी देण्याची त्यांची रीत एकच होती. माणूस दिवसभर जे करतो ते त्याने इथे करायचं नाही. वंदना दिवसभर लोकांचे चेहरे उजळवते, म्हणून ती बॉम्ब फेकणारी. दौलतगंजातले एक गुरुजी पूजा सांगतात, दिवसभर मांडी घालून बसतात, म्हणून ते जीप चालवणार. भदौरिया शाळेची व्हॅन चालवायचा, रोज अठरा पोरांचा कल्ला ऐकायचा. म्हणून तो लांब नळीची बंदूक घेऊन एखाद्या टेकडीवर एकटा पडून राहणार. मी ऑफिसात भाषांतर करतो, खुर्चीतून हलत नाही. म्हणून मी पळायचं. पडलेला माणूस त्या खेळात लगेच मरत नाही, अर्ध्या मिनिटात कोणी जाऊन पट्टी बांधली तर उठतो. ते काम माझं.

पदं होती शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. आत्यांचे पणजोबा दख्खनमधून ग्वाल्हेर दरबारच्या फौजेत आले आणि जमादार म्हणून वारले, एवढीच त्यांच्या घराण्याची कीर्ती. बैठकीत त्यांचा फोटोही नव्हता, नुसती एक रिकामी चौकट होती. "फोटो कधी काढलाच नाही त्यांनी. चौकट माझ्या वडिलांनी घेऊन ठेवली होती," असं आत्या सांगत, आणि त्यात त्यांना काही विचित्र वाटत नसे.

पद कशाने वाढतं हे मात्र कोणाला सांगता येत नसे. एकदा वंदनाला पट्टी करायला मी उघड्या रस्त्यावरून धावलो आणि तिच्यापर्यंत पोचण्याआधीच मारला गेलो. आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी जिन्यावर आत्या म्हणाल्या, "तुम्ही नाईक झालात." पुढच्या आठवड्यात मी तीन शत्रू मारले, आम्ही जिंकलो, आणि मी परत शिपाई झालो.

"का?" मी विचारलं.

"बंदूक कोणी चालवायला सांगितली होती?"

हे समजण्यासारखं होतं. पण मग मी महिनाभर एकही गोळी न झाडता मुकाट्याने पट्ट्या बांधल्या, तेव्हा काहीच झालं नाही. आणि एक दिवस मोबाइल हँग झाला म्हणून मी नुसता झाडामागे उभा राहिलो, तर हवालदार! विचारलं तर म्हणाल्या, "शांत होतात." गुरुजींना तर समोरचा माणूस आपला की परका हेही ओळखू येत नसे, दोनदा त्यांनी मलाच जीपखाली घेतलं होतं, पण ते सुभेदार होते. सगळ्यांत वर. आणि आत्यांच्या स्वतःच्या नावापुढे पदाचा रकाना कोरा होता. त्या खेळात बंदूक उचलतच नसत. रिकाम्या हाताने एखाद्या गच्चीवर उभ्या राहायच्या आणि कानातल्या माइकवरून आम्हाला हाका मारायच्या. शत्रू त्यांना पहिल्या पाच मिनिटांत टिपायचा. त्या मेल्यावर आमच्या मोबाइलमधून बघत बोलत राहायच्या. "मेलेल्याला जास्त दिसतं," असं एकदा म्हणाल्या होत्या. वंदना हसली. आत्या हसल्या नव्हत्या.

खेळ संध्याकाळी साडेपाच ते सात. सातनंतर कोणी ऑनलाइन दिसला तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागे, लेखी. रविवारी चार वाजता त्यांच्या व्हरांड्यात हजेरी. सगळे जमायचे. आत्या रांगेतून फिरत नखं, डोळे, जीभ बघायच्या, मग प्रत्येकाच्या हातावर एक चिरोटा ठेवायच्या. तक्रार करायची असेल तर हजेरीतच करायची, आणि तक्रारीबरोबर सर्टिफिकेट लागायचं. "अंगठा दुखतो? डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. नेट गेलं होतं? केबलवाल्याचं आणा." गुरुजींनी एकदा ग्रहणामुळे खेळता आलं नाही म्हणून पंचांगाचं पान आणलं होतं. ते त्यांनी रजिस्टरला टाचणीने लावून ठेवलं.

या सगळ्याला मी हसत होतो, आणि रोज सव्वापाचला ऑफिसातून पळतही होतो. हे मला तेव्हाही नीट जुळवता येत नव्हतं.

भदौरियाचं सांगतो. तो आमचा खरा खेळाडू. चाळिशीचा, गोरा, मिशा पिळलेला, बोलायला मोकळा. कॉलनीतली निम्मी पोरं त्याच्या व्हॅनने शाळेत जायची. खेळात चारशे पावलांवरचा माणूस तो एका गोळीत पाडायचा. मी आलो तेव्हा तो जमादार होता, आणि आत्या त्याच्याशी फक्त हिंदीत बोलायच्या. तिसऱ्या वर्षी मार्चच्या सुमाराला तो वरचेवर मरायला लागला. म्हणजे लांबचं अजूनही टिपायचा, पण कोणीतरी डाव्या बाजूने चालत यायचं, अगदी आरामात, आणि त्याला मारून जायचं.

पहिल्यांदा आत्यांनी त्याला हवालदार केलं. पंधरा दिवसांनी नाईक. रजिस्टरमध्ये मी तीन वेळा एकच वाक्य वाचलं, त्यांच्या उभट अक्षरात. 'डावीकडून मार खाल्ला. लक्ष नाही.' हजेरीत सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "तारीफ ऐकून ऐकून चढलंय याला. माणूस चढला की एकाच बाजूला बघतो." भदौरिया हसला, पण त्याचे कान लाल झाले.

एप्रिलमध्ये झाशीच्या एका टोळीबरोबर सामना ठरला होता. शेवटी त्यांचे दोन आणि आमचे दोन उरले. भदौरिया टेकडीवर, मी खाली गवतात. आत्या केव्हाच मेल्या होत्या. मला टेकडीच्या कडेने एक माणूस वर चढताना दिसला, भदौरियाच्या डाव्या हाताला, लपतही नव्हता. आत्यांना तो भदौरियाच्या मोबाइलमधून दिसत असणार. आणि पहिल्यांदाच त्या त्याच्यावर मराठीत ओरडल्या, "डावीकडे बघ रे, डावीकडे! अरे, डावीकडे!"

भदौरियाला आमचं मराठी इतक्या वर्षांत समजायला लागलं होतं. तरी तो हलला नाही. आम्ही हरलो.

रविवारी आत्यांनी त्याला शिपाई केलं. तो रांगेतून बाहेर आला.

"बुआ, ये ठीक नहीं है. मुझे कोई दिखा ही नहीं उधर."

"स्क्रीनवर होता तो. सगळ्यांना दिसला," आत्या आता मराठीतच म्हणाल्या.

"तो क्या मैं अंधा हूँ?"

"मला काय माहीत? सर्टिफिकेट आण."

त्याने हातातला चिरोटा कठड्यावर ठेवला आणि निघून गेला. वंदना पुटपुटली, "आत्या, जास्त झालं हे." आत्या पुढच्या माणसाची नखं बघायला लागल्या.

भदौरिया खरोखरच सर्टिफिकेट आणायला गेला. रागाने गेला. डोळ्यांच्या डॉक्टरकडून 'नजर उत्तम' असं लिहून आणून ते बुआच्या तोंडावर फेकायचं, असं बायकोला सांगून गेला. अक्षरं त्याने सगळी घडाघडा वाचली. पण मग डॉक्टरांनी त्याला एका यंत्रात बघायला लावलं, आणि कडेकडेने उजेडाचे ठिपके दाखवले. डाव्या डोळ्याला कडेचं जवळपास काहीच दिसत नव्हतं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. उजव्या डोळ्यातही सुरुवात झाली होती. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं औषधाने सांभाळायचं, असं डॉक्टर म्हणाले. आणि व्हॅन चालवायची नाही.

अठरा पोरं त्या व्हॅनमध्ये बसायची. आठ महिने, वर्ष, किती दिवस तो डावीकडचं न बघता ती व्हॅन हाकत होता, कोणालाच सांगता येईना. काही झालं नाही, एवढं मात्र खरं.

बातमी कॉलनीत पसरली तशी आत्यांच्या घरी रीघ लागली. पोरांच्या आया यायच्या, पाया पडायच्या. "आत्या, तुम्ही कसं ओळखलं हो? मेट्रनची नजर ती!" भदौरियाची बायको डबाभर बेसनाचे लाडू घेऊन आली आणि रडली. "बुआजी, आपने बचा लिया." आत्या प्रत्येकीला एकच सांगायच्या, "मी काही ओळखलं नाही. मला वाटलं, लक्ष देत नाही." लोकांना तो विनय वाटायचा. लाडूचा डबा त्यांनी उघडला नाही. मुंग्या लागल्या तेव्हा वंदनाने तो उचलून नेला.

भदौरिया मात्र आला नाही. व्हॅन विकली, मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीवर बसायला लागला, असं ऐकलं.

आत्यांनी खेळ बंद केला नाही. साडेपाचला ऑनलाइन असायच्या, पण हाका मारेनाशा झाल्या. आम्ही आपापले धावायचो, पडायचो. हजेरीत जिभा बघणं बंद झालं. एका रविवारी त्यांनी रजिस्टर उघडलं आणि स्वतःच्या नावापुढच्या कोऱ्या रकान्यात 'शिपाई' असं लिहिलं. गुरुजी म्हणाले, "हे काय आत्या, तुम्हाला पद देणारे आम्ही कोण?" त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं नोकरी केली मी. तीन वेळा स्वतःच्या हाताने लिहिलं, डावीकडून, डावीकडून, डावीकडून. वॉर्डात एखाद्या पोरीने असा तक्ता लिहिला असता तर मी तिला उभं केलं असतं, की बाई, लिहिलंस ते वाचलंस का?"

इथवर सगळं सरळ आहे. त्यांना कळलं नाही, त्यांनी आजारी माणसाला शिक्षा केली, आणि त्याचं त्यांना लागलं. मीही असंच धरून चाललो होतो. पण मे महिन्यात शेजारच्या सक्सेनावहिनी मला गेटवर भेटल्या आणि सहज बोलून गेल्या, "आपकी आत्या तो सच में पहुँची हुई हैं. मार्चमध्येच मला म्हणाल्या होत्या, मुन्नीला काही दिवस तुम्हीच शाळेत सोडत जा." वहिनींना थोडं मराठी येत असे. मुन्नी त्यांची मुलगी, भदौरियाच्याच व्हॅनने जायची. वर जाताना मी जिन्यातच थांबलो.

मार्चमध्ये. म्हणजे तिसऱ्यांदा लिहिण्याच्या आधी. झाशीच्या सामन्याच्याही आधी. आणि मग मला आठवलं, की त्याच सुमाराला वंदनाला त्यांनी विचारलं होतं, "भदौरियाची बायको येते ना तुझ्याकडे? तो घरात कशाला धडकतो का, विचार ना जरा." वंदना विसरून गेली होती.

माहीत होतं, तर मग शेजारची एकच मुन्नी का? बाकीच्या सतरा पोरांचं काय? आणि माहीत नव्हतं, तर मुन्नी तरी का? मी ते दोन-तीन आठवडे डोक्यात घोळवत राहिलो. खाली चहाला गेलो की त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि काहीच ठरवता यायचं नाही. सक्सेनावहिनींना मी पुन्हा काही विचारलं नाही, आणि वंदनालाही काही बोललो नाही.

जूनच्या शेवटी भदौरिया आला. रविवारी, चार वाजता, नेमका हजेरीला. काळा चष्मा लावून व्हरांड्याच्या पायरीशी उभा राहिला. मिशा पिळलेल्या नव्हत्या. आत्या उठल्या. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला.

"बुआ, सर्टिफिकेट. आपने माँगा था."

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पूर्ण वाचला, आणि रजिस्टरला टाचणीने लावला. टाचणी दोनदा खाली पडली. मग म्हणाल्या, "जमादार होतास. जमादार आहेस."

"नाही बुआ," तो मराठीत म्हणाला, "शिपाईच ठीक. गिरणीवर बसून बसून कंटाळा आला, म्हणून आलो. नाराजी अजून आहे माझी."

"असू दे," आत्या म्हणाल्या. "रांगेत उभा राहा."

तो उभा राहिला. दिवसभर आता बसून असायचा, म्हणून त्याला पळायची ड्यूटी मिळाली, माझी. मी टेकडीवर गेलो. मला काही टिपता येत नव्हतं, पण ती गोष्ट वेगळी.

ऑगस्टमध्ये माझी बदली परत कोल्हापूरला झाली. निघायच्या दिवशी दुपारी आत्यांनी जेवायला बोलावलं. जेवण झालं, मी हात धुवून आलो, आणि इतके दिवस अडवून ठेवलेलं विचारून टाकलं. "आत्या, मुन्नीला मार्चपासून व्हॅनने पाठवू नका, असं तुम्ही म्हणाला होतात?"

त्या टेबल पुसत होत्या. हात थांबला.

"म्हणाले होते. पोरीला गोवर येऊन गेला होता, ऊन वाढलं होतं. म्हणून बोलले मी." थोड्या वेळाने पुन्हा पुसायला लागल्या. "मतलब, तसंच वाटलं मला तेव्हा. आता रोज विचार करते तर वाटतं, गोवर तर जानेवारीतच बरा झाला होता. मग मी का बोलले? माहीत होतं मला? आणि होतं तर मी बोलले का नाही, त्याला, सगळ्यांना? तो पोट भरत होता त्याच्यावर, म्हणून? मला खरंच कळत नाहीये हो."

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. इतक्या दिवसांत मला त्या पहिल्यांदा म्हाताऱ्या दिसल्या.

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी झाशीवाल्यांबरोबर खेळत होतो, शेवटी तुम्ही दोघंच उरला होता. मी ओरडले होते त्याच्यावर. माझा आवाज तुमच्या कानातच होता. काय होतं त्या आवाजात? राग होता की भीती?"

मला त्या प्रश्नाचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला. राग असेल तर त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी एका आजारी माणसाला उगीच शिक्षा केली, आणि तेवढंच. भीती असेल तर त्यांना आतून कुठेतरी ठाऊक होतं, आणि सतरा पोरं रोज सकाळी व्हॅनमध्ये बसत होती. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"राग होता," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "हो. रागच असणार." मग उठल्या, माझ्या हातावर चिरोट्यांचा डबा ठेवला, आणि सवयीने माझे अंगठे एकदा दाबून पाहिले.

कोल्हापूरला येऊन मला आता दीड वर्ष झालं. मी खरं सांगितलं की त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, हे माझं मलाच ठरवता येत नाही. तो आवाज मात्र अजून जसाच्या तसा आठवतो. 'डावीकडे बघ रे' म्हणताना त्यातला 'रे' फाटला होता. रागाने माणसाचा आवाज असा फाटतो का, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.